भूलतज्ज्ञ निघून गेल्यावर

आमच्या इंदुरात ऑपरेशन ठरले की नातेवाईक सर्जनची चौकशी दहा ठिकाणी करतात, भूल कोण देणार हे क्वचित विचारतात, आणि भूल पूर्ण उतरेपर्यंत रुग्णाजवळ कोण बसणार हे तर कोणीच विचारत नाही. मी भूलतज्ज्ञ आहे आणि शहरातल्या लहान नर्सिंग होममध्ये काम करते, त्यामुळे मला या शेवटच्या प्रश्नाचीच काळजी अधिक वाटते.

एमवायसारख्या मोठ्या रुग्णालयात भूलशास्त्राचा स्वतंत्र विभाग असतो. नर्सिंग होममध्ये मात्र भूलतज्ज्ञ केसपुरता येतो आणि रामबागेतली केस आटोपली की विजयनगरकडे धावतो. घशातला स्राव ओढणारे सक्शन यंत्र नीट ओढते का, भरलेला ऑक्सिजन सिलिंडर कोणता, हे तिथल्या सिस्टरला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असते. अमेरिकेत खास प्रशिक्षण घेतलेल्या नर्स भूल देतात. आपल्याकडे ते काम डॉक्टरांचेच आहे आणि त्याची जबाबदारी मी कोणावर ढकलू इच्छीत नाही. पण ती मी एकटी पेलते, असे म्हणणे खोटेपणाचे होईल.

उपाशीपोटी असण्याचेच घ्या. मला ‘पाण्याचा थेंबही घेतला नाही’ असे सांगणारा रुग्ण सलाइन लावताना सहज बोलून जातो, “सिस्टर, बस आधा कप चाय पी थी.” साध्या पाण्यानंतर दोन तास पुरतात, दुधाच्या चहानंतर सहा तास थांबावे लागते. हे सांगितले तर ऑपरेशन पुढे जाणार, सर्जन वैतागणार, हे ठाऊक असूनही सिस्टर मला येऊन सांगते, म्हणून पोटातले फुप्फुसात जाण्याचा धोका टळतो.

दुसरी गोष्ट ॲम्प्यूलची, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाच्या काचेच्या कुपीची. कमरेत, मणक्यातून द्यायचे भुलीचे औषध ब्युपिव्हाकेन आणि रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड यांचे ॲम्प्यूल दिसायला सारखे असू शकतात, आणि दुसरे औषध चुकून मणक्यात गेले तर झटके येऊन जीव जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये याबाबत इशाराही दिला होता. म्हणून मी लेबल मोठ्याने वाचते, सिस्टर स्वतः पाहून पुन्हा वाचते. आपली परीक्षा घेतली जाते, असे काही ज्येष्ठांना यात वाटते. वाटू द्यावे.

इंग्लंडमध्ये 2005 साली एका तरुण महिलेला भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी जाईना. एका नर्सने गळ्यातून श्वासमार्ग करण्याचे साहित्य आणून ते तयार असल्याचे सांगितले, पण डॉक्टर नळीच्याच प्रयत्नात गुंतून राहिले आणि ती महिला वाचली नाही. पुढे काय करायला हवे हे खोलीतल्या नर्सना कळले होते, फक्त ते ठासून सांगण्याची सोय नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेसाठीची 2008 ची सुरक्षा-यादी भूल देण्यापूर्वीची तपासणी नर्स आणि भूलतज्ज्ञ दोघांसमक्ष मोठ्याने व्हावी असे सांगते, ते यासाठीच. आपल्याकडे त्या यादीवरच्या खुणा कित्येकदा केस संपल्यावर चहा पिता पिता होतात.

आणि मी निघून गेल्यावर? ऑक्सिजन चालू असताना श्वास मंदावला तरी बोटावरचा ऑक्सिमीटर बराच वेळ चांगला आकडा दाखवतो. छातीकडे पाहून मिनिटाचे श्वास मोजणारी सिस्टरच तो धोका आधी ओळखते. तिला ते शिकवलेले असले पाहिजे, आणि मध्यरात्री मला फोन करण्याचा संकोच वाटता कामा नये. प्रत्यक्षात काही ठिकाणी नर्सिंगचे कोणतेही शिक्षण नसलेल्या मुलीला गणवेश चढवून ‘सिस्टर’ म्हटले जाते. तिच्यावर ही जबाबदारी टाकणे रुग्णावर अन्याय आहे, तिच्यावरही. नातेवाइकांनी बिलाच्या चौकशीबरोबर रात्रपाळीला कोण आहे, ती शिकलेली नर्स आहे का आणि भूलतज्ज्ञाचा नंबर तिच्याजवळ आहे का, एवढे विचारले तर मालकांना उत्तर द्यावे लागेल. आम्ही सांगून ते होत नाही, हे मी एव्हाना पुरते पाहिले आहे.