वेताळाच्या वहाणा

गेले काही दिवस मराठीत लिहिणाऱ्यांच्या फोनवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: फँटसी लिहिणारी आजची मराठी मुलं नकलाकार आहेत. खरा प्रतिभावंत कुणाचं काही घेत नाही, आणि घेतलं तर ती चोरी. परदेशी पुस्तकांनी हात बिघडतो, म्हणून ती वाचूच नयेत. आपल्या लोककथा घ्याव्यात, लेखन आपोआप अस्सल होतं.

मलाही तो चौघांनी पाठवला. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या, बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने तो वाचून आपल्या कादंबरीची वही मिटून ठेवली. म्हणून हे उत्तर.

प्रतिभावंत कुणाचं घेत नाही, हे निदान मराठीत तरी कुणी म्हणू नये. ‘व्यासाचा मागोवा घेतु, भाष्यकारातें वाट पुसतु’ असं ज्ञानेश्वरांनीच ज्ञानेश्वरीच्या अखेरीस सांगून ठेवलं आहे. ‘कादंबरी’ हा शब्दही आपण बाणभट्टाच्या ग्रंथाच्या नावावरून उचलला, आणि बाणाची ती कथासुद्धा गुणाढ्याच्या ‘बृहत्कथा’ या प्राचीन कथासंग्रहाच्या परंपरेतून आलेली. ज्यांची नक्कल होते म्हणून एवढी ओरड आहे, त्या इंग्रज फँटसीकार टॉल्किनचंच बघा. 1937 साली आलेल्या ‘हॉबिट’मधल्या बुटक्यांची बहुतेक नावं त्यांनी एका जुन्या आइसलँडी काव्यातल्या यादीतून घेतली. गँडाल्फ हे नावही त्याच यादीतलं, पण तिथे ते एका बुटक्याचं आहे. काठी टेकत दारोदार हिंडणारा म्हातारा जादूगार टॉल्किननी घडवला. नाव घेतलं, माणूस आपला उभा केला.

फँटसीला हे घेणं चुकतच नाही. वाचकाला अर्धं ओळखीचं काही दिल्याशिवाय उरलेल्या अर्ध्याचं नवल वाटत नाही. राक्षस म्हणजे काय हे ठाऊक असतं, म्हणून तर रडणारा राक्षस मनाला लागतो.

चोरीच्या आरोपावर फार थांबायला नको. कथाकल्पनेवर, विषयावर कुणाचा कॉपीराइट नसतो, तो मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच स्पष्ट केलं. पण न्यायालयाच्या हजार वर्षं आधी आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात यापेक्षा सूक्ष्म विचार केला होता. दोन कवींमधलं साम्य तीन तऱ्हांचं, असं तो म्हणतो: आरशातल्या प्रतिबिंबासारखं, चित्रासारखं, आणि एकमेकांशी मिळत्याजुळत्या दोन देहांसारखं. पहिली दोन टाकावीत. तिसरं खुशाल घ्यावं, कारण तिथे जीव वेगळा असतो. कोणतंही हस्तलिखित हातात आलं की मी हीच कसोटी लावते. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर प्रतिबिंबं पुष्कळ येतात. बर्फ न पाहिलेली मुलं पानंच्या पानं बर्फ लिहितात. मजकूर लिहिणाऱ्याची चीड इथे खरी आहे. त्याचा उपाय मात्र चुकला.

परदेशी वाचू नका, हा तो उपाय. गोव्यात बसून हे ऐकताना मला इथलंच रायतूर गाव आठवतं. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला, आणि त्याचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला छापून निघालं. विषय बायबलचा, घाट मराठी पुराणाचा, छंद ओवीचा, ओव्या जवळपास अकरा हजार. हेतू धर्मप्रसाराचा होता, आणि त्या काळाची जखम गोव्याला माहीत आहे. तरीही मराठीचं कौतुक करणाऱ्या त्याच्या ओव्या आजही आपण अभिमानाने म्हणतो. परक्या भाषेतलं वाचून हात बिघडत असता, तर त्या ओव्या झाल्याच नसत्या.

आता लोककथा घेतली की लेखन आपोआप अस्सल होतं, हे म्हणणं. मला सगळ्यांत जास्त खटकतं ते हेच, कारण ते गोड वाटतं. घोंगडी, दांडा, पेटती चूड आणि सीमेवरचा रोट एवढी सामग्री पुस्तकातून उतरवून देवचार, म्हणजे गावाची सीमा राखणारा आपल्याकडचा लोकदेव, लिहिला, तर तोही प्रतिबिंबच. परदेशी एल्फ आणि हा देवचार यांत मग फरक एवढाच, की एक लांबून उचलला आणि दुसरा जवळून.

खरी नवी गोष्ट कशी घडते ते आरवलीला जाऊन पाहावं. आपल्या गोव्याची हद्द ओलांडली की वेंगुर्ले तालुक्यात हे गाव लागतं. कथासरित्सागरातला वेताळ प्रेतात शिरून झाडाला लटकतो आणि राजाला कोडी घालतो. आरवलीचा वेतोबा मात्र गावाचा राखणदार. तो रात्री गावभर फिरतो, म्हणून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या नव्या वहाणा आणून वाहतात. नाव तेच. पण देव चालतो तर त्याच्या पायातलं झिजत असेल, हा विचार पूर्वी कधीतरी कुणाला तरी पहिल्यांदा सुचला असणार. उसन्या वेताळाकडे कुणीतरी इतक्या मायेने, इतक्या बारकाईने पाहिलं, आणि तो तिथला झाला. वेताळ कुठून आला याची चौकशी करून ही वहाण सापडत नाही.

त्या मुलीच्या वहीतही सुरुवातीची चाळीस पानं बर्फाची आहेत, काळ्या मनोऱ्याची आहेत. ती गेली तरी मला वाईट वाटणार नाही. पण एकेचाळिसाव्या पानावर तिचा देवचार येतो. खाणीने डोंगर कापलेला आहे, त्याची सीमेवरची वाट डोंगराबरोबर गेली आहे, आणि तो रात्रभर खड्ड्याच्या काठाशी दांडा टेकत उभा आहे. पलीकडे कसं जायचं हे त्याला कळत नाही.

परदेशी पुस्तकांतला तो काळा मनोरा वाचला नसता तर ती इथवर पोचली असती का, मला शंका आहे. पुढल्या रविवारी ती वही घेऊन येणार आहे. एकेचाळिसाव्या पानापासून सुरुवात कर, असं मी तिला कळवलं आहे.