पेशीचा फोटो म्हणजे निदान नव्हे

सध्या एक मजकूर खूप फिरतो आहे: ‘तुमच्या पेशीचा एक फोटो पुरे. डीप लर्निंग तो पाहून सांगतं, जनुकातला बदल रोगकारक आहे की नाही. अचूकता माणसापेक्षा जास्त. जनुकतज्ज्ञांचं काम संपलं.’ संगणकाला असंख्य फोटो दाखवून फरक ओळखायला शिकवायचं हे तंत्र खरं आहे, मोलाचं आहे. म्हणूनच त्याच्या नावावर हे खपवलेलं बघवत नाही.

‘तुमच्या पेशीचा एक फोटो’. बहुतेक वेळा पेशी तुमची नसतेच. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवलेल्या पेशींमध्ये, उदाहरणार्थ हाडाच्या कर्करोगातून १९६४ साली मिळवलेल्या यू२ओएस पेशींमध्ये, बदल असलेलं जनुक घालतात. सेल पेंटिंग पद्धतीत सहा रंगद्रव्यांनी केंद्रक, मायटोकाँड्रिया वगैरे भाग रंगवतात आणि मूळ जनुक घातलेल्या पेशींशी तुलना करतात. एका फोटोवर काहीच ठरत नाही. त्यासाठी शेकडो-हजारो पेशी लागतात.

‘रोगकारक आहे की नाही ते कळतं’. मॉडेलला, म्हणजे असं शिकवलेल्या संगणक-प्रणालीला, दिसतो तो फक्त फरक: प्रोटीन भलत्या जागी साचलंय, केंद्रक वेडंवाकडं झालंय. फरक दिसला नाही म्हणून बदल निरुपद्रवी ठरत नाही. त्या जातीच्या पेशीत ते जनुक काही कामच करत नसेल, तर दिसणार काय?

प्रोजेरियाचं उदाहरण घ्या. लहान मुलांना अकाली वार्धक्य आणणारा हा आजार. त्याच्या बहुतेक रुग्णांत एलएमएनए जनुकात १८२४व्या जागी डीएनएचं ‘सी’ हे अक्षर बदलून ‘टी’ झालेलं असतं. गंमत नाही, खरंच या बदलाने त्या जागचं अमिनो आम्ल, म्हणजे प्रोटीनचा घटक, तेच राहतं. बिघडतं ते स्प्लायसिंग, म्हणजे जनुकाच्या आरएनए प्रतीतले नको असलेले तुकडे (इंट्रॉन) कापून उरलेले जोडायचं काम. प्रोटीनमधली ५० अमिनो आम्लं गळतात आणि केंद्रकाचा आकार जातो. आता अशा प्रयोगांत पुष्कळदा सीडीएनए वापरतात, म्हणजे इंट्रॉन आधीच काढून टाकलेली जनुकाची प्रत. तिच्यात स्प्लायसिंगचा टप्पाच उरत नाही. एवढा जीवघेणा बदल तिथे निरोगी दिसेल, आणि त्यात मॉडेलचा काही दोषही नसेल.

‘अचूकता जास्त’. कशावर मोजली? एकाच प्लेटमधल्या (पेशी वाढवायच्या, खळगे असलेल्या ताटलीतल्या) काही पेशी शिकवायला आणि उरलेल्या चाचणीला वापरल्या, तर मॉडेल रंगाचा गडदपणा, फोकस, कडेच्या खळग्यातलं बाष्पीभवन यांवरूनही उत्तर ओळखतं. फुटलेल्या पेपरचे गुण ते. वेगळ्या दिवशी, वेगळ्या प्लेटवर, मॉडेलने कधी न पाहिलेल्या बदलांवर काय निघालं, तो आकडा दाखवा.

‘तज्ज्ञांचं काम संपलं’. अमेरिकेतल्या जनुकतज्ज्ञांच्या संघटनेची २०१५ची नियमावली बदलांचे पाच वर्ग करते आणि प्रयोगशाळेतल्या चाचणीला अनेक पुराव्यांपैकी एक मानते. लोकसंख्येत बदल किती आढळतो, कुटुंबात आजाराबरोबर तो चालतो का, हेही बघावंच लागतं. जनुकीय बदलांचं मूल्यमापन करणाऱ्या क्लिनजेन या अमेरिकी प्रकल्पाच्या शिफारशीनुसार, काटेकोर सांख्यिकी नसेल तर चाचणीचा पुरावा ‘मध्यम’ बळाचा मानायलाही आधी वर्ग ठरलेले किमान ११ बदल, रोगकारक आणि निरुपद्रवी मिळून, तिच्यावर पडताळलेले हवेत.

ज्यांच्या अहवालात ‘अनिश्चित महत्त्वाचा बदल’, म्हणजे रोगकारक की निरुपद्रवी ते ठरलेलं नाही, असं लिहून आलंय, त्यांच्यासाठी जीव तुटतो. फोटोवरून कुणी ‘काळजी नको’ म्हणालं, तर ठरलेल्या तपासण्या थांबवू नका. पेशी कोणती होती, सीडीएनए घातला की बदल थेट पेशीच्या जीनोममध्ये (तिच्या स्वतःच्या डीएनएत) केला, पडताळणी किती ज्ञात बदलांवर झाली, हे तुमच्या जनुकीय समुपदेशकाला विचारा.