निळा ठिपका आणि तोलारखिंड

"ट्रेकसाठी जीपीएसचं वेगळं यंत्र घ्यावं का, की मोबाइल पुरतो?" ग्रुपवर दर पावसाळ्यात हा प्रश्न येतोच. माझं उत्तर: एक-दोन दिवसांच्या सह्याद्रीतल्या ट्रेकला मोबाइल पुरतो. घोळ दुसरीकडेच होतो.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टात खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडावर निघालो होतो. तोलारखिंड सोडली, रेलिंगचा कातळटप्पा चढून वर आलो आणि धुकं असं उतरलं की पुढच्याची सॅकही दिसेना. त्या टेकड्यांमध्ये भलेभले चुकलेत. पण आम्ही निर्धास्त, कारण फोनमध्ये कुणीतरी अपलोड केलेला ट्रॅक, म्हणजे त्याच्या चालीची नकाशावर उमटलेली रेघ होती. रेघ डावीकडे वळली, आम्ही वळलो. कारवीत घुसली, आम्ही घुसलो. पन्नासेक पावलांवर रेघ एका घळीच्या तोंडाशी जाऊन थांबली आणि तशीच माघारी फिरली! ट्रॅक करणारा गृहस्थ तिथे एकतर चुकला असणार, नाहीतर हलका व्हायला गेला असणार. आम्ही पाच जण इमानेइतबारे त्याच्या मागे.

माघारी आलो ते मात्र आमच्याच रेकॉर्ड होत असलेल्या रेघेवरून. फाट्यावर बघतो तर कातळावर ऑइलपेंटचा ढळढळीत बाण. जाताना पाचही जण स्क्रीनमध्ये डोकं घालून त्याच्यावरून चालत गेलो होतो.

अचूकतेचं म्हणाल तर मे 2000 पर्यंत अमेरिका नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळायची, जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे व्हायची. आज उघड्या माळावर साधा फोनही पाचेक मीटरपर्यंत बरोबर सांगतो. पण नाळेत, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीत उतरा. दोन्हीकडे कातळभिंती, वर आभाळाची चिंचोळी पट्टी. सिग्नल भिंतीवर आपटून उशिरा पोचतो आणि आपली जागा दाखवणारा निळा ठिपका बेडकासारखा उड्या मारायला लागतो. त्यात आपला सह्याद्री उभा. कोकणकड्याच्या काठावर वीस मीटरची चूक म्हणजे ठिपका थेट हवेत! उंचीचा आकडा तर आणखी कच्चा. हवेच्या दाबावरून उंची काढणारी बॅरोमीटरवाली घड्याळं बरी, पण हवा बदलून दाब पडला की गुहेत झोपल्या झोपल्या तुमच्या नावावर चढाई जमा करतात.

तरी मी जीपीएसशिवाय जात नाही. पायथ्यापासून स्वतःचा ट्रॅक चालू, नकाशा घरूनच डाउनलोड केलेला, फोन फ्लाइट मोडवर. (जीपीएसला रेंज लागत नाही, हे अजूनही लोकांना पटत नाही.) भिजल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही, तिथे बटणांचं यंत्र खरंच भारी, हे कबूल. आणि परदेशातल्या भावंडांनो, सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र इकडे येताना आणू नका. परवान्याशिवाय ते जवळ बाळगलं तर विमानतळावरच अडकाल.

जाता जाता एक कबुली. त्या दिवशीचा माझा ट्रॅक घरी वायफाय मिळताच आपोआप अपलोड झाला, घळीच्या त्या शेपटासकट. चौघांनी डाउनलोडही केलाय. आज रात्री बसून कापतो.