गीझरचं वय नाही, टाकी बघा

दिवाळीच्या तोंडावर आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरला. मजकूर थोडक्यात असा: गीझरला पाच वर्षं झाली की तो कधीही फुटू शकतो. पाणी उशिरा तापणं, आवाज येणं, थेंब गळणं, पिवळं पाणी येणं, यातलं एक जरी दिसलं तरी दुरुस्तीच्या नादी लागू नका, नवा घ्या. शिवाय जुना गीझर दुप्पट वीज खातो. शेजारच्या काकूंनी हे वाचून आठ वर्षांचा, व्यवस्थित चालणारा गीझर एक्सचेंजमध्ये देऊन टाकला आणि पेन्शनच्या पैशातून नवा बसवला. तेव्हापासून मला चैन नाही, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

आधी ‘पाच वर्षं’. कित्येक कंपन्या नुसत्या टाकीवरच पाच किंवा सात वर्षांची वॉरंटी देतात. मग पाच वर्षांनी गीझर बाद कसा होईल? त्याचं आयुष्य कॅलेंडर ठरवत नाही, पाणी ठरवतं. मुंबईत तलावांचं महापालिकेचं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं, तिथे टाकी वर्षानुवर्षं टिकते. तोच गीझर पुण्याच्या एखाद्या उपनगरात बोअरवेलच्या नाहीतर टँकरच्या पाण्यावर लावा, दोन-तीन वर्षांत आत क्षारांचे थर बसतात.

‘पाणी उशिरा तापतं, कडकड आवाज येतो’ हे त्या क्षारांचंच लक्षण. गेल्या हिवाळ्यात आमच्या पंधरा लिटरच्या गीझरचं हेच झालं. इलेक्ट्रिशियनदादांनी मेन स्विच बंद केला, टाकी रिकामी केली, खालचं झाकण काढून कॉइल बाहेर ओढली. कॉइल कसली, पांढऱ्या खडूची जाड कांडी! टाकीच्या तळातून अर्धा मग भरेल इतके पापुद्रे निघाले. या थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि बुडबुडे फुटतात, आवाज येतो तो त्याचा. कॉइलच्याच शेजारी मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड असतो. तो अंगठ्याएवढा जाड असायला हवा होता, दादांच्या हातात आली ती नुसती मधली तार.

या रॉडबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही, आणि खरी गोष्ट तर तीच आहे. टाकीच्या लोखंडाऐवजी गंज हा रॉड स्वतःवर घेतो. तो झिजावा म्हणूनच बसवलेला असतो. तो संपला, की पाणी टाकीला खायला लागतं. क्षारांचं पाणी असेल तर दर वर्षी-दोन वर्षांनी तो बघायचा, झिजला असेल तर बदलायचा. आमच्याकडे नवा रॉड आणि नवं गॅस्केट, म्हणजे झाकणाच्या सांध्यातून पाणी गळू न देणारी रबरी चकती टाकली, कॉइल लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून साफ केली. नव्या गीझरच्या पाव किमतीच्या आतच हे सगळं झालं.

‘थेंब गळतात म्हणजे गीझर गेला.’ मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हे. पाणी तापलं की फुगतं. पंधरा लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापवलं तर ते साधारण पाव लिटरने वाढतं. ते परत मागे लाईनमध्ये जाऊ शकलं नाही तर सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर पडतं. म्हणजे गीझर चालू असताना तिथून थेंब आले तर व्हॉल्व्ह आपलं काम करतोय. गीझर बंद असतानाही धार सुरूच राहिली तर व्हॉल्व्ह बदला किंवा लाईनचं प्रेशर तपासा. पण थेंब थांबावेत म्हणून त्या भोकाला एम-सील लावलेलं मी स्वतः पाहिलंय. हात जोडून सांगते, असं कधीही करू नका.

कारण ‘गीझर फुटतो’ याचं खरं उत्तर इथेच आहे. पाणी ठरावीक तापलं की थर्मोस्टॅट कॉइल बंद करतो. तो बिघडला आणि पाणी फार तापलं तर कटआऊट वीज तोडतो, आणि तोही चुकला तर व्हॉल्व्ह दाब सोडतो. एकामागे एक अशी तीन कुलुपं. टाकी फुटण्यापर्यंत पाळी येते ती ही कुलुपं काढून टाकल्यावर. व्हॉल्व्ह बुजवलेला, आणि थर्मोस्टॅट गेल्यावर कोणीतरी ‘डायरेक्ट करून देतो’ म्हणत तारा थेट जोडून दिलेल्या. असं केलं तर कालच आणलेला गीझरही तितकाच धोक्याचा.

‘दुप्पट वीज’ हे तर गणितातच बसत नाही. पंधरा लिटर पाणी 40 अंशांनी तापवायला सुमारे 0.7 युनिट लागतं, गीझर कोणत्याही वर्षीचा असो. कॉइल पाण्यात बुडालेली असते, तिने घेतलेल्या विजेची उष्णता शेवटी पाण्यातच उतरते. क्षारांमुळे ती जास्त तापते आणि लवकर जळते, पण बिल दुप्पट होत नाही. तापलेलं पाणी नुसतं ठेवल्याने थोडी उष्णता जाते, तिथे नव्या पाच-स्टार मॉडेलचा फायदा आहे, पण तो एवढा मोठा नाही. बिल एकदम चढलं असेल तर आधी गीझर दिवसभर चालू राहतोय का आणि गरम पाण्याचा एखादा नळ गळतोय का ते बघा.

पिवळ्या पाण्यासाठी एक सोपी परीक्षा. एका बादलीत फक्त थंड नळ सोडा, दुसरीत फक्त गरम. दोन्हीकडे पिवळं आलं तर दोष गच्चीवरच्या टाकीत किंवा जुन्या लोखंडी पाइपात आहे. फक्त गरम पाणी तांबूस येत राहिलं, तर मात्र बहुधा गीझरच्या टाकीला गंज लागलाय.

आता बदलायचा कधी? टाकीच गळायला लागली की. झाकणाच्या आत पाणी दिसलं तर वीज बंद करून नीट बघून घ्या. कॉइल जिथे टाकीला बोल्टने जोडलेली असते त्या फ्लँजपाशी ओल असेल तर गॅस्केटने भागतं. पाणी वेल्डिंगमधून किंवा इन्सुलेशनमधून झिरपत असेल तर टाकी संपली. तिथे डागडुजी नको, त्याच दिवशी नवा आणा. नळाला झिणझिण्या आल्या तर गीझर त्या क्षणी बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. बहुतेक वेळा कॉइलचं आवरण तडकलेलं असतं, सोबत अर्थिंगही नीट नसतं.

गॅस गीझरची गोष्ट वेगळी. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने कार्बन मोनॉक्साइड साचून माणसं गेली आहेत. या वायूला ना रंग, ना वास. तिथे वय विचारूच नका. गीझर नवा असला तरी बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा.

काकूंच्या नव्या गीझरचं काम बघायला परवा आम्ही दादांना घेऊन गेलो. दोन हजार वॉटचा गीझर जवळपास नऊ अँपिअर ओढतो, आणि तो लावला होता सहा अँपिअरच्या सॉकेटवर. अर्थिंगची तार आत नुसती लोंबत होती. बसवून देणाऱ्याने तिकडे पाहिलंच नव्हतं. दादांनी सोळा अँपिअरचं सॉकेट बसवलं, अर्थिंग जोडून मीटरने तपासलं, आणि मगच काकूंनी त्या दिवशीचं पाणी तापवलं.