हॉर्मोन बिघडवणारी रसायनं सगळ्यांच्या अंगात आहेत, पण सारखी नाहीत

“हॉर्मोन बिघडवणारी रसायनं आता जगातल्या प्रत्येकाच्या शरीरात आहेत. प्रमाण नगण्य असतं, शरीर ती बाहेर टाकतं. ज्याला भीती वाटते त्याने प्लास्टिक वापरू नये.” या आशयाचा मजकूर सध्या भरपूर फिरतो आहे. वाचून धीर येतो, म्हणून लोक तो पुढे पाठवतात. त्यातलं पहिलं वाक्य बऱ्याच अंशी खरं आहे. त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र टिकत नाहीत.

‘प्रत्येकाच्या शरीरात’ याचा अर्थ प्रत्येकात सारखंच, असा होत नाही. मार्टिनिक आणि ग्वाडेलूप ही कॅरिबियन समुद्रातली फ्रान्सची बेटं. तिथल्या केळीच्या बागांत सोंडकिडा मारायला क्लोरडेकोन वापरत. हे कीटकनाशक शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनसारखं वागतं. 1975 साली अमेरिकेत व्हर्जिनियातल्या होपवेल इथे ते बनवणाऱ्या कामगारांचे हात थरथरू लागले, शुक्राणूंची संख्या घटली आणि कारखाना बंद करावा लागला. म्हणजे धोका तेव्हाच उघड झाला होता. तरी फ्रान्सची बंदी आली 1990 मध्ये, आणि या बेटांना 1993 पर्यंत सवलत मिळाली. आज तिथल्या दर दहा प्रौढांपैकी नऊंहून अधिक जणांच्या रक्तात क्लोरडेकोन सापडतं. ते मातीत पिढ्यानपिढ्या टिकतं, तिथून कंदमुळांत आणि किनाऱ्यावरच्या माशांत उतरतं. ग्वाडेलूपमधल्या 2010 सालच्या अभ्यासात रक्तात ते जास्त असलेल्या पुरुषांना प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका जास्त दिसला. देश एकच, पण केळी गेली मुख्य भूमीवर आणि विष राहिलं बेटांवर. याला मी अन्यायच म्हणेन.

‘प्रमाण नगण्य.’ कशाच्या तुलनेत? आपली स्वतःची काही हॉर्मोन्स रक्तात पिकोग्रॅममध्ये मोजतात. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 मध्ये बिस्फेनॉल ए या प्लास्टिकमधल्या रसायनाची रोजची सुरक्षित मर्यादा आधीच्यापेक्षा 20,000 पटींनी खाली आणली. शिवाय मात्रेइतकीच वेळही महत्त्वाची असते. डीईएस हे कृत्रिम इस्ट्रोजेन गर्भपात टाळण्यासाठी गर्भवतींना देत. त्याची मात्रा मोठी होती हे खरं, पण योनीमार्गाचा दुर्मीळ कर्करोग झाला तो गर्भात असताना ते पोचलेल्या काही मुलींना, ऐन तारुण्यात. 1971 साली हा संबंध उघड झाला.

‘शरीर बाहेर टाकतं.’ बिस्फेनॉल एपुरतं बोलायचं तर हो, बहुतेक भाग एका दिवसात लघवीतून जातो. पण रोज नव्याने येत असेल तर? दुकानातली छापील पावती नखाने ओरखडून बघा. काळी रेघ उमटली तर तो थर्मल कागद. त्याच्या लेपात बिस्फेनॉल असेल तर ते मोकळं असतं, कशाला बांधलेलं नसतं, त्यामुळे बोटांना सहज लागतं. हाताला सॅनिटायझर लावला असेल तर त्वचेतून आणखी जास्त शिरतं. ग्राहक पावती दोन क्षण धरतो, गल्ल्यावरची बाई कामाची पाळी संपेपर्यंत पावत्या धरत असते. अमेरिकेत गर्भवतींची कामानुसार तुलना केली, तेव्हा सर्वांत जास्त बिस्फेनॉल ए कॅशियर बायकांच्या लघवीत आढळलं. आणि पीफास या सहज न विघटणाऱ्या रसायनांच्या गटातल्या काहींची शरीरातली पातळी निम्मी व्हायलाच काही वर्षं लागतात, तिथे ‘बाहेर टाकतं’ हा दिलासाच फोल आहे.

या रसायनांचा संबंध लठ्ठपणा आणि मधुमेहाशीही जोडला जातो. त्यावर कुणी म्हणतं, गरिबांचा लठ्ठपणा आणि मधुमेह खाण्यापिण्यामुळे आहे. असेलही. या आजारांना अनेक कारणं असतात आणि रसायनांचा नेमका वाटा वेगळा काढणं अवघड आहे. पण एका कारणाने दुसरं नाहीसं होत नाही.

राहिला ‘वापरू नका’ हा सल्ला. पैसा आणि सवड असलेल्याला तो थोडाफार जमतो. ज्याची जमीनच दूषित आहे किंवा ज्याचं कामच ते हाताळण्याचं आहे, त्याने काय टाळायचं? युरोपीय संघाने 2011 मध्ये बाळांच्या बाटल्यांतून बिस्फेनॉल ए हद्दपार केलं, तेव्हा श्रीमंत-गरीब सगळ्या बाळांना ते संरक्षण मिळालं. 2020 पासून तिथे पावत्यांवरही बंधन आलं. मग अनेक उत्पादकांनी बिस्फेनॉल एस वापरायला घेतलं. तेही हॉर्मोनच्या कामात ढवळाढवळ करतं. म्हणून एकेका रसायनावर बंदी घालत बसण्यापेक्षा बिस्फेनॉलच्या संपूर्ण गटालाच नियम लावायला हवा, आणि तपासणीची सुरुवात गल्ल्यावरच्या, बागेतल्या, कारखान्यातल्या माणसांपासून करायला हवी.