ऑलवेजला कुठं बसवू?

मागच्या महिन्यात माझा एक शब्द चुकीच्या खुर्चीत बसला आणि मँचेस्टरची एक अत्यंत सभ्य बाई माझ्यावर रुसली.

झालं असं की तिनं रिपोर्टचा नवा फॉरमॅट पाठवला होता आणि मला तो ठीकठाक वाटला, म्हणजे स्थळ बघून आल्यावर आपण 'तसं वाईट नाही, पण...' म्हणतो ना, तेवढंच. म्हणून मी लिहिलं, 'आय रियली डोन्ट लाइक द न्यू फॉरमॅट', आणि चहाला गेलो. परत येतो तर मॅनेजर माझ्या जागेवर बसलेला. "काय रे, भांडलास का तिच्याशी?" म्हटलं नाही बुवा, उलट फार मवाळ लिहिलंय. त्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं, "हे रियली उचल आणि डोन्टच्या पलीकडं ठेव." बस, एवढंच. 'आय डोन्ट रियली लाइक' म्हणजे फारसं काही आवडलं नाही, आणि 'आय रियली डोन्ट लाइक' म्हणजे अज्जिबात आवडलं नाही, परत दाखवू पण नका. शब्द तेच, माणसं तीच, एका रियलीनं जागा बदलली तर आवाज एवढा चढतो? आपल्याकडं बरं आहे, फारसं म्हणायचं असेल तर 'फारसं' म्हणायचं आणि अजिबात म्हणायचं असेल तर 'अजिबात', एकाच माणसाकडून दोन्ही पाळ्या करून घेत नाहीत.

मी मराठी मीडियमचा, सातारा जिल्ह्यातला. पहिलीपासून इंग्रजी राज्यात २००० साली आलं, आमच्या वेळी एबीसीडीची गाठ एकदम पाचवीत पडायची. सातवीत की आठवीत सरांनी हा नियम फळ्यावर लिहिला: ऑलवेज, युजुअली, ऑफन, समटाइम्स, नेव्हर ही मंडळी क्रियापदाच्या पुढं येतात, अॅम-इज-आर असेल तर मात्र मागं. आता पुढं म्हणजे कुठं? रेशनच्या रांगेत आपल्या पुढचा म्हणजे ज्याचा नंबर आधी लागतो तो, आणि पुस्तकातलं पुढचं पान म्हणजे जे नंतर येतं ते. अर्धा वर्ग रेशनच्या रांगेत उभा राहिला आणि अर्धा पुस्तकात शिरला. सहामाहीला आम्ही पुस्तकवाल्यांनी 'आय गो ऑलवेज टू स्कूल' लिहिलं, शिवाय 'आय ऑलवेज अॅम हॅपी' पण लिहिलं, आणि सरांनी लाकडी पट्टी काढली. ती मात्र बरोबर जागी बसली.

आणि मुळात दोष आपला नाहीच. आपलं क्रियापद घरातल्या आईसारखं, सगळ्यांची पानं वाढून झाली की शेवटी बसतं. तोवर बाकीच्यांनी कुठंही बसावं. 'मी रोज सकाळी सावकाश चहा पितो' म्हणा, 'सकाळी मी रोज चहा सावकाश पितो' म्हणा, चहा तोच आणि तेवढाच कोमट. इंग्रजीत क्रियापद कर्त्याला चिकटून लगेच दुसऱ्या पाटावर येऊन बसतं, त्यामुळं मागून आलेल्या क्रियाविशेषणाची पंचाईत, याला बसवायचं कुठं!

त्यातून मदतनीस क्रियापदं आली की लोकलच होते. मी दोन वर्षं डोंबिवलीहून अपडाऊन केलंय त्यामुळं मला हे बघितल्याबरोबर कळतं. 'इट शुड हॅव बीन सेंट'. शुड, हॅव, बीन, सेंट, सगळे ऐसपैस बसलेत आणि ऑलरेडी बॅग पोटाशी धरून आत आलाय. चौथ्या सीटवाला निदान कडेला अर्धा टेकतो. ऑलरेडीला थेट मधे घुसायचं असतं, पहिल्या मदतनिसाला 'जरा सरका' म्हणून त्याच्याशेजारी: 'इट शुड ऑलरेडी हॅव बीन सेंट'. मी इतकी वर्षं त्याला दारात लटकवत आलोय, वाक्याच्या एकदम शेवटी. पडत नाही तो, चालतं ते. पण बिचारा लटकलेलाच दिसतो.

आणि जिथं खरोखर जागा दिसते ना, तिथं बसायला बंदी! क्रियापद आणि कर्म यांच्यामधे. एकदा पुण्यात आलेल्या एका पाहुण्यांना मी म्हणालो, 'आय लाइक व्हेरी मच मिसळ'. ते हसले नाहीत, पण भुवया हलल्या. लाइक आणि मिसळ यांच्यातला अंतरपाट एकदा निघाला की मधे कुणी म्हणजे कुणी उभं राहायचं नाही, अगदी करवलीनंसुद्धा. व्हेरी मचनं जेवायला बाहेर जायचं, 'आय लाइक मिसळ व्हेरी मच'. (पाहुण्यांना मिसळ झेपली नाही ते वेगळं.)

पण या सगळ्यांचा बाप म्हणजे ओन्ली. आमच्या ऑफिसात रोज ऐकू येतं, 'आय विल डू टुडे ओन्ली', 'आय अॅम फ्रॉम सातारा ओन्ली'. लोक हसतात, पण हे इंग्रजी नाहीच हो, हा आपला च आहे, कोट घालून आलेला. 'आजच करतो', 'साताऱ्याचाच आहे मी'. च कसा इमानी, ज्याच्यावर जोर द्यायचा त्याच्या पाठीला चिकटून बसतो, शंकेला जागाच नाही. इंग्रजांचा ओन्ली मात्र बोलताना बसतो क्रियापदाच्या अलीकडं आणि नजर भलतीकडं. 'आय ओन्ली एट वन चपाती'. बसलाय खाण्याशेजारी, बघतोय एककडं. हा माणूस मला कधीच सरळ वाटला नाही.

मला स्वतःबद्दल जरा बरं वाटलं ते ओबामांमुळं. २० जानेवारी २००९, वॉशिंग्टन, समोर लाखो लोक, जग टीव्हीसमोर, शपथ द्यायला सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स. राज्यघटनेत लिहिलंय 'आय विल फेथफुली एक्झिक्यूट', निष्ठेनं पार पाडीन. रॉबर्ट्स साहेब कागद न बघता सांगत होते, त्यांनी ते फेथफुली उचललं आणि वाक्याच्या पार शेवटी नेऊन ठेवलं, दारात लटकवलं थोडक्यात. ओबामा 'एक्झिक्यूट'पाशी येऊन थांबले, समोर बघत राहिले, आमच्या वर्गात एखादं पोरगं सरांचीच चूक धरून गप्प बसायचं तसे. न्यायाधीशांनी सुधारायचा प्रयत्न केला, त्यात आणखी गोंधळ, आणि शेवटी ओबामांनीही फेथफुली शेवटीच म्हटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, उगाच शंका नको म्हणून, व्हाइट हाउसमधे पुन्हा शपथ. एका क्रियाविशेषणासाठी! स्टीव्हन पिंकर या भाषातज्ज्ञांनी तर तेव्हा लिहिलं की विल आणि एक्झिक्यूट यांच्यामधे काही घालू नये या जुन्या सोवळ्यामुळं न्यायाधीशांची जीभ घसरली असावी. हे सोवळं आमच्या मॅनेजरकडंही आहे, 'टू क्विकली फिनिश' दिसलं की त्याला ठसका लागतो, क्विकलीला बाहेर काढून मगच तो पाणी पितो. हार्वर्डमधे शिकलेल्या माणसाला फेथफुली बसवता येत नाही आणि मला सातवीत पट्टी, हा कुठला न्याय? मी तो व्हिडिओ अजूनही अधूनमधून बघतो, उपासाला केळं खावं तसा, आधाराला.

घरी दुसरी परीक्षा. लेक पाचवीत, इंग्लिश मीडियम. तिला नियम एकही माहीत नाही आणि चूक एकही होत नाही. मी विचारलं, ऑलवेज तिथंच का ठेवलास गं? तर म्हणे, "बाबा, दुसरीकडं ठेवलं तर ते विअर्ड वाटतं." संपलं व्याकरण. माझ्या मेल्स आता तीच बघते, बोटानं शब्द उचलते आणि इकडचे तिकडे टाकते, आजी तांदूळ निवडते तशी.

होळीला आईनं गावाहून पुरणपोळ्या पाठवल्या. नऊ पोळ्या होत्या, आम्ही तिघांनी बसून संपवल्या, त्यात लेकीनं गोड आवडत नाही म्हणून एक खाल्ली. रात्री आजीला मेसेज स्वतः लिहायचा होता, मराठीत, बाबांनी मदत करायची नाही. लिहून पाठवून पण मोकळी झाली: 'आजी मीच एक पोळी खाल्ली.'

दोन मिनिटांत फोन. स्पीकरवर आईचा आवाज, "अगं, मग बाकीच्या आठ काय कुत्र्याला घातल्या? तुझ्या आईबाबानं तोंडसुद्धा लावलं नाही?" तिला समजावता समजावता माझा घसा सुकला. फोन ठेवल्यावर लेक माझ्यावरच उखडली, "पण मी च टाकला ना बाबा, तूच म्हणतोस ओन्ली म्हणजे च!"

म्हटलं टाकलास गं, पण जागा चुकली, च एकच्या पुढं पाहिजे.

"पुढं म्हणजे? अलीकडं का पलीकडं?"