जळक्या झोपड्या आणि उलटणारे ध्रुव

‘आफ्रिकेतल्या हजार वर्षं जुन्या जळक्या झोपड्यांवरून सिद्ध झालंय की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र संपत चाललंय. चुंबकीय ध्रुव कधीही उलटतील, म्हणजे उत्तर-दक्षिणेची अदलाबदल होईल, खरं तर कधीच उलटायला हवे होते. जीवसृष्टी नष्ट होणार.’ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या या निरोपातल्या झोपड्या तेवढ्या खऱ्या आहेत.

दक्षिण आफ्रिका खंडभागातल्या लिंपोपो नदीच्या खोऱ्यात लोहयुगातले शेतकरी दुष्काळ पडला की शुद्धीचा विधी म्हणून झोपड्या आणि धान्याच्या कणग्या पेटवून देत. आगीत मातीची जमीन भाजून निघे. मातीतले मॅग्नेटाइटचे (लोहाच्या एका चुंबकीय खनिजाचे) कण सुमारे 580 अंश सेल्सिअसला आपलं चुंबकत्व गमावतात आणि निवताना त्या वेळच्या क्षेत्राची दिशा आणि ताकद धरून ठेवतात. खापरावरून ताकद कळते. पण खापर इकडचं तिकडे जातं, जमीन जागची हलत नाही. म्हणून दिशेसाठी जमीनच हवी.

भूभौतिकशास्त्रज्ञ जॉन टार्डुनो आणि सहकाऱ्यांनी ती तपासली. साधारण इ.स. 1225 ते 1550 या काळात तिथलं क्षेत्र झपाट्याने क्षीण झालेलं दिसलं. 2018च्या शोधनिबंधात त्याआधीचे, पाचव्या आणि आठव्या शतकातले झपाट्याचे बदलही आले. आणि ध्रुव? उलटले नाहीत. निरोपाने उभा केलेला साक्षीदार असा त्याच्यावरच उलटतो.

क्षेत्र क्षीण होतंय हे खोटं नाही. 1830च्या दशकापासून ते सुमारे 9 टक्क्यांनी घटलंय. पण उपकरणांच्या सलग नोंदी जेमतेम तेवढ्याच जुन्या. आपल्या कुलाब्याच्या नोंदी 1841 पासूनच्या (विजेच्या ट्रामचा अडथळा नको म्हणून वेधशाळा 1904मध्ये अलिबागला गेली). एवढ्याशा उतारावरून शून्य गाठायचं, तर ओहोटी पाहून समुद्र आटला म्हणण्यासारखं आहे.

‘कधीच उलटायला हवे होते’ म्हणायला त्याचं वेळापत्रक कुठे आहे? शेवटची उलटापालट सुमारे 7,80,000 वर्षांपूर्वीची. डायनोसॉरच्या काळात, क्रिटेशियसमध्ये, तर जवळपास 4 कोटी वर्षं एकही झाली नाही. झाली तरी तिला हजारो वर्षं लागतात.

राहिली जीवसृष्टी. सुमारे 41,000 वर्षांपूर्वी, लाशांप नावाने ओळखल्या जाणाऱ्या घटनेत, क्षेत्र फारच क्षीण होऊन ध्रुव काही काळ उलटेही झाले होते. तेव्हा माणूस होता, आजही आहे. आजचा त्रास उपग्रहांना: दक्षिण अटलांटिकवरच्या क्षीण पट्ट्यातून जाताना भारित कणांचा मारा वाढतो, म्हणून हबल अवकाश दुर्बीण निरीक्षणं थांबवते.